कंट्रोल चार्ट

खरं प्रमाण ठेवलं तर पडद्यावर काहीच दिसत नाही.
सूर्य एक ठिपका, बाकीचे आठ
ठिपक्याहून लहान,
म्हणजे नाहीतच.
पलाश म्हणतो, नेपच्यून जरा आत ओढ ना,
कोणाला कळतंय.
मला कळतंय.

त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस,
पाच खुर्च्या, एक कुलर,
आणि खिडकीला नाक लावून उभे
मे महिन्याचे सत्तेचाळीस डिग्री.
खेळात सगळ्यात महाग वस्तू मी बर्फ ठेवलाय.
सोनंबिनं नाही.
ज्याच्याकडे युरोपा, त्याचं राज्य.
हे सुचायला फार अभ्यास लागला नाही,
दर दोन तासांनी कुलरच्या टाकीत बादली मीच ओतते.

लघुग्रहांच्या पट्ट्यावरून भांडण झालं.
पलाशला तो हवा शनिवार संध्याकाळच्या बर्डीसारखा,
धक्का लागल्याशिवाय पाऊल पुढे पडू नये.
मी म्हटलं, दोन दगडांत दहा-दहा लाख किलोमीटर असतात रे,
डोळे मिटून जहाज काढलं तरी ओरखडा यायचा नाही.
मग खेळायचं काय, तो म्हणाला.
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
एकमेकांचं नीट ऐकू यावं म्हणून नुसरतने कुलर बंद केला,
आणि मग कोणीच काही बोललं नाही.

रात्री घरी, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर.
बाबा एकतीस वर्षं सेक्शन कंट्रोलर,
रिटायर होऊन सहा झाली
तरी खिशात पेन्सिल, टोक काढलेली.
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
"हे काय करून राहिली वं?"
पृथ्वी ते मंगळ, रस्ता काढतेय.
"टाइम किती?"
साडेआठ महिने.
"अन् गाडी सुटते तवा मंगळ जिथं दिसते, पोचते तवा तिथंच रायते?"
नाही बाबा, फिरतो तो. असणार असेल तिकडे निघायचं.
"म्हंजे स्टेशनच चालून राह्यलं."
हसले नाहीत. कागद मागितला.

उभ्या बाजूला गावं: कळमेश्वर, कोहळी, मेटपांजरा, काटोल.
आडव्या बाजूला तास.
गावांच्या रेघा सपाट, गाड्यांच्या तिरप्या.
जिथे एक तिरपी दुसरीला कापून पुढे जाते
तिथे एक मालगाडी लूपला पडलेली असते
आणि तिचा ड्रायव्हर मला शिव्या देत असतो, म्हणाले,
जरा अभिमानानेच.
मग खोडरबर घेऊन त्यांनी सपाट रेघा पुसल्या,
नागमोडी काढल्या.
"तुही गावं अशी."

तशीच होती.
पृथ्वीवर बसून बघितलं तर मंगळ असाच
जवळ येतो, लांब जातो,
सव्वीस महिन्यांनी पुन्हा फलाटाला लागतो.
मी तीन महिने अंतराला धरून बसले होते.
कागदावर कुठेच अंतर नव्हतं, नुसता वेळ,
आणि मध्ये कोणाला आधी सोडायचं ते.

पहाटेपर्यंत कक्षांची वर्तुळं काढून टाकली.
आता ताफा सुटला की सुटला,
त्याची तिरपी रेघ शत्रूला आठ महिने दिसत राहील
आणि त्यालाही काही घाई करता येणार नाही.
गुरूहून आलेला निरोप पाऊण तास शिळा.
बर्फाचे टँकर वाटेत थांबवायला
सीरीसच्या अलीकडे एक दगड निवडला,
निव्वळ क्रमांक असलेला, कोणाच्या कामाचा नसलेला.
त्याला नाव दिलं.

पलाश दुपारी आला, तर्री पोह्यांचा वास हाताला.
चार्ट बराच वेळ वरखाली सरकवला,
नेपच्यूनबद्दल चकार शब्द नाही.
मग त्या दगडावर बोट ठेवून म्हणाला,
मेटपांजरा? हा कुठल्या पुराणातला देव?

इटारसी लाइनवरचा, मी म्हटलं,
आणि बादली उचलली.